नऊ वितींची खिडकी

भाईदासला आधी कुणाचा वहीम यायचा नाही. घरातलं ते काम पार्वतीबाईचं होतं. तेली तेल घालून गेला की भांड्यात बोट बुडवून बघायची ती. कापूस वेचून बाया घरी निघाल्या की त्यांच्या खोचलेल्या पदरांवरून नजर फिरवायची ती. भाईदास हसायचा. ती म्हणायची, "दोन्ही जण भोळा ऱ्हायनात ते घर धुवाई जाई."

मार्गशीर्षात ती गेली. बारावं-तेरावं झालं, सोयरे परतले, आणि एक दिवस तेली तेल घालून गेल्यावर भाईदास भांड्याकडे बघत उभा राहिला. आता या घरात वहीम घेणारं कुणी उरलेलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. मग ते काम त्यानं अंगावर घेतलं. पण तिच्या बाकीच्या कामांसारखंच हेही त्याला नीट जमेना. भाकरी थापायला गेला की कडा फाटायच्या. वहीम घ्यायला गेला की थांबायचं कुठं ते कळायचं नाही.

त्याचं गाव तापीच्या काठाला, प्रकाशापासून फार लांब नाही. वस्ती गुजर पाटलांची. त्यांचे पूर्वज गुजरातेतून आले ते देव बरोबर घेऊनच, म्हणून गावाच्या मध्यावर रणछोडजींचं देऊळ आहे. देवळासाठी जो सुतार आणला होता त्याच्याकडूनच समोरच्या गल्लीतल्या घरांच्या खिडक्या करून घेतल्या होत्या. सागाची जाड चौकट, मधे कातीव लाकडी गज, माथ्यावर समोरासमोर दोन पोपट. शहाद्याकडचे लोक पाहुण्यांना ही गल्ली दाखवायला आणत. गावाला त्याचा मोठा अभिमान. पंचांचा जुना ठराव होता, घराच्या आत काय वाटेल ते करा, पण देवळाच्या गल्लीत दर्शनी भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारून ठोका. एकानं पत्र्याची पडवी काढली होती, ती त्यालाच स्वतःच्या हातानं उतरवावी लागली.

त्याच गल्लीत भाईदासच्या घराची खिडकी तेवढी वेगळी होती.

पार्वतीबाईचे पाय गेले तेव्हाची गोष्ट. तिचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं. जुनी खिडकी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. अंथरुणातून तिला पोपटांच्या शेपट्या आणि वीतभर आभाळ एवढंच दिसायचं. चार-आठ दिवस तिनं ते बघितलं. मग म्हणाली, "मी आभाय दखीसन काय करू? माले माणसं दखू द्या."

भाईदास पंचांकडे गेला. खिडकी खाली घेऊ का, विचारलं. शेवटी शांतीलाल बोलला. शांतीलाल हा थोरला पंच. त्याचं घर भाईदासच्या बरोबर समोर, आणि दोघं लहानपणी तापीत एकत्र पोहायला शिकलेले. तो म्हणाला, "तिना जीव शे तवलोंग ऱ्हाऊ द्या. मंग जुनी खिडकी जठली तठे." ती गेली की जुनी खिडकी परत बसवीन, असा भाईदासनं शब्द दिला.

सुतारानं भिंत फोडून जुनी खिडकी काढली. ती धर्मशाळेच्या माळ्यावर नेण्याआधी पार्वतीबाईनं ती आपल्या अंथरुणाशेजारी आडवी ठेवायला लावली. पडल्या पडल्या तिच्यावर हात टाकून मोजली आणि नवऱ्याला सांगितलं, "नऊ विती शे. ध्यानमा ठेवा. माळावर ठेयेल वस्तू माळावरच बदली जास."

खिडकी माळ्यावर गेली. धर्मशाळेची किल्ली शांतीलालकडे असायची. तिच्या जागी जमिनीपासून हातभर उंचीवर लोखंडी गजांची साधी खिडकी बसली. पार्वतीबाई तिथून गल्ली बघायची. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या सुनेला माहेरचं बोलावणं आलं, कोण कुणाशी बोलेनासं झालंय, हे आता भाईदासला अंथरुणातली बायको सांगू लागली. दुपारी शांतीलालची बायको रुक्मिणीबाई बाहेरच्या ओट्यावर दाणे निवडायला यायची आणि दोघी गजांतून बोलत बसायच्या.

होळी झाली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली, आणि शांतीलाल घरी आला. बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "भाईदास, आखाजीले देवनी पालखी गल्लीमाईन निंघी. त्याना पहिले जुनी खिडकी बसाडी ले."

"इतली घाई काबर?"

"घाई कसानी? शब्द तूच दिन्हा व्हता."

शब्द दिला होता, हे खरं. पण बोलताना शांतीलालची नजर लोखंडी गजांवर गेली होती, हे भाईदासनं बघितलं. महायुद्धाची लढाई सुरू झाल्यापासून लोखंड मिळेनासं झालं होतं, आणि शांतीलालच्या विहिरीचं काम अर्ध्यावर होतं. भाईदासनं मनात दोन्हीची गाठ बांधली. पार्वती असती तर तिनंही बांधली असती, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी भिला सुतारानं माळ्यावरून खिडकी उतरवली आणि ओट्याला टेकवून ठेवली. तिच्यावर पारव्यांची घाण होती, धूळ होती, एका पोपटाची चोच उडालेली होती. भाईदासनं वरच्या टोकाला अंगठा लावला आणि वीत टाकत खाली आला. सात भरल्या. पुन्हा मोजली. सात. खालून वर मोजत गेला, तरी सातच.

"हाई मन्ही खिडकी नही," तो म्हणाला.

भिलानं डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडून तोंड पुसलं. "मंग कोनी शे? माळावर एकच व्हती, आबा."

"तेच ते. एकच काबर व्हती?"

जुनी खिडकी काढणारा सुतार वेगळा होता, तो केव्हाच सुरतेकडे निघून गेला होता. भिला म्हणाला, "आबा, तुम्ही आनी पंच काय ते ठरावा. माले सांगशात ते मी बसाडसू." आणि अवजारं उचलून गेला.

त्यानंतर भाईदास गल्लीभर फिरू लागला. घराघराच्या खिडकीसमोर उभा राहायचा, हात उंचावून वीत टाकायचा, ओठ हलवत मोजायचा. लोक आधी गमतीनं बघत होते. दुसरा पंच दोधू आपल्या ओट्यावर दात घाशीत बसला होता, तो गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "भाईदास, मन्हं घर इकानं नही बरं."

"इकानं नही ते लपाडानं काय शे?"

दोधूनं चूळ भरली. त्या दिवसापासून भाईदास दिसला की लोक आपल्या खिडकीचं दार ओढून घेऊ लागले. भाईदासला त्याचाही वहीम आला.

शांतीलालच्या खिडकीपाशी तो शेवटी गेला. तिचे दोन्ही पोपट धड होते. लाकूड तेलानं चकाकत होतं. मोजली तर आठ विती भरून वर चार बोटं. नऊ वितींची खिडकी लहान भोकात बसवायची तर थोडी कापावी लागणारच, असा त्यानं हिशेब केला. तेवढ्यात आतून रुक्मिणीबाई आली.

"काय दखी ऱ्हायनात भाऊ?"

"तुमनी खिडकी नवी दिखस."

"तेल लायेल शे. आखाजी शे ना."

ती पुढं काही बोलेल म्हणून तो थांबला. तिनं त्याच्या खांद्यावरून समोरच्या लोखंडी गजांकडे बघितलं, पदर ओढून घेतला आणि आत गेली. एरवी तिनं चहा विचारला असता. नजर द्यायला का घाबरली, असं घोकत भाईदास घरी आला.

संध्याकाळी तो त्या खाली बसवलेल्या लोखंडी खिडकीशी बसायचा. पार्वतीबाईचं अंथरूण जिथं होतं तिथंच, जमिनीवर. तिथून माणसं पावलांपासून छातीपर्यंत दिसत, तोंड बघायला मान वाकडी करावी लागे. पायांवरून माणूस ओळखायला तो शिकला होता. हे अमक्याचे जोडे, ही तमकी सून, हा लंगडणारा बैल दोधूचा. ती हेच बघत होती. जुनी खिडकी परत बसली की इथं भिंत येणार होती. माळ्यावरची खिडकी खोटी ठरली तर ती बसवायची गरज नव्हती, आणि मग ही राहिली असती. हे भाईदासला पक्कं ठाऊक होतं. तरी तो स्वतःला सांगायचा, की मी न्याय मागतोय, बाकी काही नाही.

पंच देवळाच्या ओसरीवर बसले. भाईदासनं उभं राहूनच सांगितलं, की माझी खिडकी नऊ विती होती, ही सात आहे. किल्ली एकाच माणसाकडे असते.

"नाव ले," शांतीलाल म्हणाला.

"लेवानी काय गरज? समधासले माहीत शे."

दोधू म्हणाला, "वीत मांगेपुढे व्हस, भाईदास. बोटभर."

"बोटभर व्हस. दोन विती व्हत नही."

ते खरंच होतं. नऊ कुणी मोजल्या, हे कुणी विचारलं नाही. सुतारानं मोजल्या असतील असं पंचांनी धरलं, आणि भाईदासलाही तो आकडा आता घराच्या दारासारखा झाला होता. दार कुणी बसवलं हे रोज कोण आठवतं?

शांतीलालनं पार्वतीबाईच्या तिरडीला खांदा दिला होता. तो म्हणाला, "तुन्हा वहीम शे ते पानी तू उचल. तापीनं पानी हातमा ले आनी देवसमोर सांग, हाई खिडकी तुन्ही नही. तू सांगं ते मी मानसू. पंचपद सोडी देसू. तुन्ही खालनी खिडकी ऱ्हाई."

पाणी उचलणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्या दोघांत ते उचललं जाई त्यांचं पाणी तुटे. पुढं जन्मभर एकमेकांच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. गावात असं दोनदाच झालं होतं आणि ती घरं अजून एकमेकांना टाळायला रस्ता ओलांडून चालत.

"उचलसू," भाईदास म्हणाला. पाणी परवा सकाळी उचलायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक तापीबाई सासरहून आली. आखाजीला लेकी माहेरी येतातच, पण यंदा तिला लवकर यावं लागलं. आखाजीला गेलेल्यांच्या नावानं भरतात ती आईची पहिली घागर भरायची होती आणि घरात सारवणारं कुणी नव्हतं. दारात पाय ठेवल्यापासून तिच्या कानावर खिडकीचंच आलं होतं. ती पदर खोचून शेणमाती कालवायला बसली. भाईदास पुढच्या खोलीत गजांशी बसून होता.

उन्हं कलली तेव्हा तिनं मागच्या खोलीतून हाक मारली. "आबा, जरासा आठे या."

मागच्या खोलीत दाण्यांची मातीची कोठी होती. दर आखाजीला पार्वतीबाई ती सारवून घ्यायची आणि वर गेरूत बुडवलेल्या हाताचा थापा मारायची, धान्याला बरकत राहावी म्हणून. पाय गेल्यापासून कोठीला कुणी हात लावला नव्हता. म्हणून शेवटचा थापा तसाच होता. बोटं चांगली फाकलेली, अंगठा लांब गेलेला.

तापीबाईच्या हातातून शेणाचं पाणी गळत होतं. "सगळी कोठी सारवी लिन्ही. इतलीच जागा ऱ्हायनी. यानावर फिरावू का नको?"

भाईदास जवळ गेला. त्याला तो हात ओळखू येईना. भाकऱ्या थापणारा, कापसाची गाठोडी उचलणारा, तेल्याला परत बोलावणारा हात त्याला चांगला मोठा आठवत होता. त्यानं आपला पंजा थाप्यावर ठेवला. थापा सगळा झाकला गेला, आणि त्याची बोटं चहूबाजूंनी बाहेर उरली.

"इतला ल्हाना व्हता?" त्यानं विचारलं.

"मायना हात ल्हानाच व्हता, आबा. मन्ह्या बांगड्या तिले ढिल्या व्हयेत."

त्यानं खुंटीवरची सुतळी काढली. थाप्याच्या अंगठ्याच्या टोकावर तिचं एक टोक धरलं, करंगळीच्या टोकाशी गाठ मारली. त्या गाठीपासून पुढं दुसरी, मग तिसरी, अशा गाठी मारत गेला. तापीबाई बघत राहिली. गाठी झाल्या तशी सुतळी घेऊन तो बाहेर ओट्यावर गेला आणि टेकवलेल्या खिडकीला वरपासून लावली. शेवटची गाठ चौकटीच्या खालच्या कडेवर आली. त्यानं गाठी मोजल्या. नऊ. मग सुतळी खिशात घातली आणि ओट्यावर बसला.

समोर शांतीलालच्या घरी दिवा लागला. रुक्मिणीबाई दारात येऊन तुळशीशी उभी राहिली. भाईदासला वाटलं, हे तर कुणालाच माहीत नाही. थापा सारवून टाकला की झालं. उद्या पाणी उचललं तर कुणी विचारणार नाही, आणि शांतीलालही शब्द मोडणार नाही. ती सांगून गेली ते नऊ आणि माझ्या हाताला आल्या त्या सात, यात माझं काय खोटं आहे?

तापीबाई दारात आली. "आबा, फिरावू का मंग?"

"नको," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे ते."

सकाळी देवळापुढं सगळी गल्ली जमली होती. दोधूनं नदीवरून पाण्याचा तांब्या भरून आणला होता. शांतीलाल धुतलेलं धोतर नेसून पायरीखाली उभा होता. रात्री झोपला नसावा. बाया देवळाच्या दुसऱ्या अंगाला होत्या, त्यांत रुक्मिणीबाई सगळ्यांच्या मागं.

"ले," दोधू म्हणाला. "देवकडे तोंड कर आनी बोल."

भाईदासनं तांब्या दोन्ही हातांत घेतला. देवाकडे बघितलं. मग तांब्या उंच धरला आणि पाणी प्यायला. घटाघटा, खाली न सांडता, अर्धा तांब्या होईस्तोवर.

दोधू म्हणाला, "तहान लागेल व्हती ते घरून पी येता."

मागं कुणीतरी हसलं आणि थांबलं. भाईदासनं मिशा पुसल्या.

"खिडकी मन्ही शे."

"परदिन नही व्हती," शांतीलाल म्हणाला.

"मन्हा हातनी सात शे. पार्वतीना हातनी नऊ. मोजेल तिनी व्हती." त्यानं सुतळी काढून दिली. "कोठीवर थापा शे. ज्याले दखनं शे त्यानी दखी ल्या."

शांतीलालनं सुतळी उलगडली. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा कडकच होता. अंगावर आलेला आळ असा सुतळी बघून उतरत नाही. तो म्हणाला, "वहीम लेवाना ते तिनाकडथीन शिकी लेवानं व्हतं. तिनी एक डाव मन्हा घरना तुपनं माप मोजेल व्हतं."

"मंग?"

"कमी निंघनं."

आता लोक हसले. शांतीलाल हसला नाही, पण त्यानं हात पुढं केला. भाईदासनं तांब्या दिला. त्यानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या पायरीवर पालथा घातला. बायांच्या घोळक्यात रुक्मिणीबाईनं डोळ्यांना पदर लावला.

दोधूला राहवलं नाही. "मी म्हनस, खालनी खिडकी ऱ्हाऊ द्या अजून वरीसभर. काय बिघडी?"

पंच शांतीलालकडे बघू लागले. शांतीलाल भाईदासकडे.

"नही," भाईदास म्हणाला. "शब्द दिन्हा व्हता. भिलाले सांगा."

भिला आला. खालची खिडकी निघाली, वरचं बुजवलेलं भोक उघडलं, खाली विटा चढत गेल्या. पहिल्या थरालाच पलीकडचे पाय दिसेनासे झाले. भाईदास त्या वेळी गोठ्यात होता, बैलांना पेंड घालत. परत आला तेव्हा भिंत पूर्ण झाली होती, आणि चोच उडालेला पोपट आपल्या जागी, पूर्वीसारखा बसला होता. तापीबाईनं भिंतीला मातीचा हात फिरवला. आखाजीची घागर तिनं त्या भिंतीशीच मांडली, वर आंबा आणि गोड सांजोरी ठेवली.

भाईदास सवयीनं खाली बसला. समोर ओली भिंत. थोड्या वेळानं तो उठला आणि खिडकीशी उभा राहिला. आता गल्ली वरून दिसत होती. पागोटी, डोक्यावरच्या घागरी, छपरं. समोरच्या ओट्यावर रुक्मिणीबाई दाणे निवडत होती. तिनं वर बघितलं. सवयीनं तिची नजर आधी खाली, भिंतीकडे गेली होती.

भिला लोखंडी गज उचलायला लागला. "आबा, हाई कोठे ठेवू?"

"थांब," भाईदास म्हणाला. तो बाहेर आला, ओट्यावर उकिडवा बसला आणि एकेक गज बाजूला काढत मोजू लागला. शांतीलाल शेतातून येत होता. तो गल्लीत थांबला.

"आते काय मोजी ऱ्हायना?"

"गज."

"कमी शेतस का?"

भाईदासनं शेवटचा गज बाजूला ठेवला. "नही," तो म्हणाला. "पुरा शेतस. तरी मोजना पडतस."

शांतीलाल आपल्या घराकडे वळला. दारातून त्यानं आत सांगितलं, चहा टाक, दोन टाक.